कॅटलिना एजे १५५ : ४१३ स्क्वॉड्रनचं मॉडेल, नकाशा आणि फलक (प्रकल्प नोंदी)

९ जून

किट आलं. १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं), कॅटलिना विमानाचं. किंमत ३,४०० रुपये, कुरिअर वेगळं. आमच्या वाचनालयात दिवाळीआधी ‘दुसरं महायुद्ध आणि हिंदी महासागर’ असं छोटं प्रदर्शन आहे, त्यातलं एक टेबल माझ्याकडे. टेबलावर तीन गोष्टी हव्यात: मॉडेल, भिंतीवर नकाशा आणि मजकुराचा फलक. विषय रॉयल कॅनेडियन एअर फोर्सचं ४१३ स्क्वॉड्रन, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या फ्लाइंग बोटींची (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची) तुकडी.

डबा उघडला आणि काम वाढलं. बाजारात सहज मिळतं ते चाकं असलेल्या कॅटलिनाचं किट, म्हणजे जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं. मला करायचंय ते विमान, ४१३ च्या बर्चल या वैमानिकाचं, कॅटलिना मार्क १. त्याला स्वतःची चाकं नव्हती. किनाऱ्यावर ओढायचं असेल तर माणसं पाण्यात उतरून चाकांचा गाडा बाहेरून जोडायची. तेव्हा धडाच्या दोन्ही बाजूंचे चाकांचे खळगे बुजवणं आलं. ज्याला हेच विमान करायचंय त्यानं मागवताना डब्यावर ‘पीबीवाय-५’ (बिनचाकांचं) आहे की ‘पीबीवाय-५ए’ (चाकांचं) हे बघून घ्यावं. त्या शेवटच्या ‘ए’पायी माझा जूनचा बराचसा महिना गेला.

१४ जून

खळगे. आधी जुन्या एटीएम कार्डाचे गोल तुकडे कापून आत बसवले. वर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी थापली. ९० रुपयांत डबा मिळतो, किटवाली पुट्टी ट्यूबला साडेचारशे. संध्याकाळी घासून गुळगुळीत केली. सकाळी बघतो तर मधे खोलगट झालेली आणि कडेनं केसासारखी चीर. ही पुट्टी वाळताना आकसते. जाड थर एका दमात दिला की हमखास बसते.

सगळी खरवडून काढली. खळग्यात एम-सील भरलं, रात्रभर ठेवलं, आणि वरच्या बारीक भेगांपुरतीच एनसी पुट्टी पातळ थरात, दोन हात. नंतर ४०० चा, ६०० चा आणि शेवटी १००० चा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. एम-सील घासायला चिवट आहे, बोटं दुखतात, पण आकसत नाही. बोट फिरवल्यावर कड लागली नाही तेव्हा थांबलो.

नाकाखालचं पुढच्या चाकाचं दार मात्र बुजवायची गरज नव्हती. मॉडेल पाण्यावर दाखवायचं असेल तर तो भाग पाण्याखालीच जातो.

२२ जून

पावसानं दिवसभर वीज नाही, म्हणून फलकाचा मजकूर. सुरुवात.

४१३ स्क्वॉड्रन १ जुलै १९४१ ला स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅनरार इथे उभं राहिलं. नाव कॅनडाचं, पण सुरुवातीला माणसं कॅनेडियन आणि ब्रिटिश मिसळलेली. ऑक्टोबरमध्ये मुक्काम शेटलंड बेटांवरच्या सलम व्हो इथे. तिथून नॉर्वेच्या दिशेनं टेहळणी. त्याच महिन्यात त्यांचा कमांडिंग ऑफिसर ब्रिझी नॉर्वेच्या मोहिमेवर गेला तो परत आला नाही. म्हणजे स्क्वॉड्रन चार महिन्यांचंही झालं नव्हतं.

मग १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि हिंदी महासागरात डोळे कमी पडू लागले. उत्तर समुद्राच्या थंडीतली ही बोटी-विमानं सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, धाडली. तळ कोग्गला, गॉलजवळचं खाडीसारखं सरोवर.

वाचनालयाच्या सचिवकाकांना हा पहिला मसुदा दाखवला. म्हणाले, “अहो, यात लढाई कुठाय?” म्हटलं, “काका, यांचं कामच बघत राहायचं होतं. तासन् तास. लढाई झाली ती बघितल्यावर.” काका म्हणाले, “मग बघणं मोठ्या अक्षरात लिहा.” त्यांनी नकळत सगळ्या टेबलाचा नूर ठरवला. मुळात माझ्या डोक्यात जपानी झीरो लढाऊ विमानं मागे लागलेली, धूर सोडत जाणारी कॅटलिना होती. ते रद्द. विमान कोग्गलाच्या पाण्यावर, ४ एप्रिलच्या पहाटे उड्डाणाआधी, बोयाला बांधलेलं. बघायला निघालेलं.

३० जून

या विमानाची ओळख म्हणजे धडाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना असलेले काचेचे फुगे. ते पारदर्शक भाग सुपरग्लूनं चिकटवू नका. वाफेनं आतून पांढरी धूर बसते. एका फुग्यावर बसलीच. आतून पुसता येत नाही, कारण तोवर तो चिकटलेला असतो.

उपाय: फुगा पात्यानं कडेकडेनं सोडवला, टूथपेस्ट आणि मऊ सुती कापडानं आतून गोल गोल घासला, मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वॉर्निशमध्ये बुडवून टिश्यूवर उलटा वाळत ठेवला. ऐंशी टक्के साफ झाला. दुसऱ्या बाजूचा फेव्हिकॉलनं लावला. फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो, जोडही भरतो, आणि चुकलं तर ओल्या कापसानं निघतो. काचेसाठी तोच.

हे फुगे नुसते शोभेचे नव्हते. तिथे मशीनगन असायची आणि तिथेच बसून माणूस दुर्बिणीनं खाली समुद्र चाळायचा. म्हणून या एका भागावर मी एवढा वेळ घातला. बाकी कुठे थोडा डाग राहिला तरी चालेल, पण फुगा धुरकट नको.

७ जुलै

पंख. खऱ्या विमानाचा पसारा १०४ फूट, म्हणजे ३१.७ मीटर, १:७२ मध्ये ४४ सेंटिमीटर. तो धडाला थेट चिकटत नाही, मधे खांबासारखा भाग आहे आणि दोन्ही बाजूंनी तिरप्या काठ्या. त्या खांबात फ्लाइट इंजिनिअर बसायचा, बाजूला छोट्या खिडक्या. प्रवाशांनी भरलेल्या एसटीत कंडक्टरची जागा असते तशी अडचणीची, पण दोन्ही इंजिनांची नाडी त्याच्या हातात.

पंख सरळ बसवायला पुस्तकांचे दोन सारखे ढीग दोन्ही टोकांखाली ठेवले. एक ढीग दिवाळी अंकांचा होता, दाबानं बसला आणि पंख वाकडा वाळला. पुठ्ठ्याचे पुडके घ्या, किंवा लाकडाचे ठोकळे. काठ्या आधी टेपनं धरून, धडाच्या मध्यापासून दोन्ही टोकांचं अंतर सुतानं मोजून मगच गोंद.

शेवटी पंख चिकटवलाच नाही. खांबात दोन पितळी पिना बसवल्या आणि पंख वर बसतो असा ठेवला. का ते पुढे येईल.

१३ जुलै

त्या काळच्या कॅटलिनांवर एएसव्ही मार्क २ रडार असायचं, पाण्यावरची जहाजं आणि पाणबुडी पकडायला. त्याच्या अँटेना काट्याकुट्यांसारख्या, धडावर आणि पंखाखाली. किटमध्ये आहेत त्या जाड, माशाच्या काट्यापेक्षाही जाड.

बाजारपेठेत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तिथून बारीक तांब्याची तार मागितली. “किती किलो?” म्हणाला. हातभर म्हटल्यावर त्यानं जुन्या जळलेल्या पंख्याची तार तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. तारेवरचं वॉर्निश पात्यानं खरवडलं तरच गोंद धरतो. लाकडी पट्टीवर सारख्या अंतरावर खिळे ठोकून साचा केला, त्यात तारा अडकवल्या, जोडावर सुपरग्लूचा थेंब टाचणीच्या टोकानं. एक संच जमायला एक संध्याकाळ लागते. बिनतारी यंत्राच्या लांब एरिअलसाठी किटचाच स्प्रू (सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची काडी) मेणबत्तीवर ऊन करून ताणला.

२१ जुलै

रंग. जुलैत कोकणात एअरब्रश मारायचा नसतो हे आता लिहून ठेवतो. वरची बाजू दोन समुद्री रंगांची: गडद राखाडी आणि हिरवट राखाडी. लॅकर रंग मारला आणि दहा मिनिटांत त्यावर पांढरट साय आली, बुरशी धरल्यासारखी. हवेतला ओलावा वाळणाऱ्या रंगात अडकतो.

लगेच पुन्हा त्यावर रंग मारायची घाई केली असती तर जाड झाला असता. तसाच ठेवला. संथ वाळणारा रिटार्डर थिनरमध्ये थोडा मिसळून फक्त त्याचा हलका फवारा दिला. सायीचा बराच भाग विरला. उरलेल्या जागी अ‍ॅक्रिलिक रंगानं दुरुस्ती. त्यानंतर खोली बंद, दिवसभर बल्ब लावून भिंतीजवळची हवा सुकवली, कॉम्प्रेसरला ओलावा पकडणारी बाटली जोडली (६५० रुपये), मग मारला. खालच्या बाजूचा फिकट रंग हातानं ब्रशनं दिला, कोण वाकून बघतो.

४ ऑगस्ट

नकाशा. हा भाग जास्त आवडला, म्हणून सविस्तर.

कागद ए-१, हाती काढलेला, सिलोनचं दक्षिण टोक वरच्या बाजूला, खाली मोकळा समुद्र. प्रिंट मारून घेतली असती तर लवकर झालं असतं, पण छापील नकाशात समुद्र निळा आणि गावं दाट असतात. मला उलटं हवं होतं: जमीन कोपऱ्यात, बाकी सगळा कोरा कागद. टेहळणी म्हणजे काय ते त्या कोऱ्या कागदानंच कळतं.

त्यावर मांडलेली गोष्ट अशी. स्क्वॉड्रन लीडर लेनर्ड बर्चल २ एप्रिल १९४२ ला कोग्गलाला पोहोचला. ४ तारखेला पहाटे एजे १५५ क्रमांकाचं विमान, धडावरची अक्षरं क्यूएल-ए, घेऊन निघाला. नऊ जण आत. सिलोनच्या आग्नेयेला, साडेतीनशे मैलांच्या आसपास गस्त. दुपारी चारच्या सुमारास, परतायच्या बेतात असताना, दक्षिणेकडे क्षितिजावर ठिपके. जवळ जाऊन बघितलं तर जपानी अ‍ॅडमिरल नागुमोचा ताफा: आकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू, झुइकाकू अशा पाच विमानवाहू नौका आणि सोबतच्या युद्धनौका. पर्ल हार्बरवर गेलेला तोच ताफा, एक नौका कमी.

बिनतारी यंत्रावरून जागा, दिशा, वेग, संख्या. नियमानं संदेश तीनदा द्यायचा. तिसऱ्यांदा देत असताना यंत्र गोळ्यांनी उडालं. झीरो विमानांनी कॅटलिनाची चाळण केली. बर्चलनं जळतं विमान पाण्यावर उतरवलं. नवातले सहा वाचले. एक जण विमानाबरोबर गेला, दोघं पाण्यात असताना झालेल्या गोळीबारात. वाचलेल्यांना इसोकाझे या विनाशिकेनं उचललं. मारहाण करून विचारलं, संदेश दिला का. ते नाही म्हणत राहिले.

एका हकिगतीत वाचलं होतं की नॅव्हिगेटरला चंद्रोदयावरून विमानाची जागा पक्की करायची होती म्हणून ते थोडा वेळ जास्त थांबले आणि त्यामुळेच ताफा दिसला. फार देखणी गोष्ट. नकाशावर चंद्र काढलाही होता. मग आईनं पंचांगाचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला, ईस्टर होता, आणि ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. म्हणजे चैत्री पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. वद्य तृतीया-चतुर्थीला चंद्र कधी उगवतो ते संकष्टी सोडणाऱ्या कुणालाही विचारा. जेवायची वेळ टळून जाते. दुपारी चारला कुठला चंद्र. नकाशावरून चंद्र खोडला. रबरानं कागदाला डाग पडला, त्यावर दिशादर्शक बाणाचं गुलाबफूल काढलं.

११ ऑगस्ट

क्यूएल-ए ही अक्षरं. घरच्या इंकजेटवर डिकल पेपरवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद) छापायला गेलो. दोन अडचणी. एक, इंकजेट पांढरा किंवा फिकट रंग छापत नाही, गडद धडावर अक्षर दिसतच नाही. दोन, वर क्लिअर कोट न मारता पाण्यात बुडवलं की शाई पसरते. राउंडेलसाठी (हवाई दलाच्या गोल खुणेसाठी) किटमधलीच डिकलं वापरली. अक्षरं मास्किंग टेपवर काढून, नव्या पात्यानं कापून, फिकट राखाडी रंगानं. टेप ताबडतोब काढायची, रंग ओलसर असताना; वाळू दिली की कड फाटते. डिकल पेपरचे २८० रुपये फुकट गेले.

स्क्वॉड्रनचं बोधचिन्ह फलकावर साध्या प्रिंटनं लावलं. त्यात हत्तीचं डोकं आहे, सिलोनची आठवण. अजूनही ते ‘टस्कर’ म्हणून ओळखले जातात; आज नोव्हा स्कोशियातल्या ग्रीनवुड इथे शोध आणि बचावाचं काम करतात.

१८ ऑगस्ट

फलकाचा दुसरा भाग. इथे घासाघीस झाली.

पहिला मथळा होता ‘ज्यानं सिलोन वाचवलं’. बर्चलला पुढे वर्तमानपत्रांनी तशीच पदवी दिली. पण ५ एप्रिलच्या सकाळी काय झालं ते लिहायला बसलो आणि मथळा जड वाटू लागला. बर्चलच्या संदेशातून इशारा मिळाल्यामुळे कोलंबो बंदरातली बरीच जहाजं आधीच बाहेर पडली, हे खरं. त्याच सकाळी साडेसातच्या सुमारास हल्ला आला तेव्हा कोलंबोजवळच्या रत्मलानाच्या तळावरची ब्रिटिश हरिकेन लढाऊ विमानं डोक्यावर जपानी दिसेपर्यंत जमिनीवरच होती, हेही खरं. बंदरात टेनेडोस आणि हेक्टर ही ब्रिटिश जहाजं बुडाली. दुपारी कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशर या दोन ब्रिटिश क्रूझर समुद्रात गाठून बुडवल्या. ४२४ माणसं गेली, ११२२ जणांना पुढच्या दिवशी पाण्यातून काढलं.

(डॉर्सेटशर तीच, जिनं आधल्या वर्षी मे महिन्यात बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवर शेवटचे टॉर्पेडो सोडले. बिस्मार्क शोधून काढलं होतं तेही एका कॅटलिनानंच, २०९ स्क्वॉड्रनच्या. फलकावर याला जागा नाही, म्हणून इथे.)

मथळा बदलला: ‘ज्यानं ताफा पाहिला’. सचिवकाकांना पहिलाच आवडला होता. म्हणाले, लोक थांबायला हवेत ना. मी म्हटलं, मॉडेलसमोर थांबतील.

खरी अडचण ९ एप्रिलची. त्या दिवशी ४१३ चंच दुसरं कॅटलिना, फ्लाइट लेफ्टनंट थॉमसचं, सिलोनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीच्या बाजूला त्याच ताफ्याला भिडलं. पाडलं गेलं, कुणीच वाचलं नाही. काम तेच, समुद्र तोच, पाच दिवसांचा फरक. बर्चल साडेतीन वर्षं जपानी कैदेत राहिला, आजारी कैद्यांकडून काम करून घेण्याविरुद्ध अडून बसला, परत आला, २००४ पर्यंत जगला, त्यानं सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. थॉमसची हकिगत सांगायला कुणी नव्हतं. मसुद्यात त्याला एक ओळ होती. ती वाढवण्याइतका मजकूर नाही, म्हणून अक्षराचा आकार बर्चलच्या नावाइतकाच केला आणि नकाशावर त्रिंकोमालीपुढे तसाच, तेवढाच ठिपका. त्यासाठी नकाशाला वरून कागद जोडावा लागला, कारण मी सिलोनचं दक्षिण टोक अगदी वर घेतलं होतं. जोड दिसतो. नकाशा काढणाऱ्यानं पूर्व किनारा पूर्ण धरावा.

आपल्याकडचे दोन संदर्भ खाली: ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, आणि ब्रिटिश अ‍ॅडमिरल सोमरव्हिलच्या ताफ्याचा जलद भाग त्याच महिन्यात मुंबईला येऊन थांबला. बायकोचे आजोबा तेव्हा माझगावला नोकरीला होते, बंदर बोटींनी भरलेलं असायचं एवढंच सांगायचे.

१ सप्टेंबर

पाणी. मिरकरवाड्याला फायबर बोटी दुरुस्त करणाऱ्याकडून थोडं रेझिन आणलं. तो म्हणाला, “थर्माकोलवर ओतू नका हां, खाऊन टाकील.” तुकड्यावर करून बघितलं. खरंच, दोन मिनिटांत थर्माकोलला भोक. हे पॉलिस्टर रेझिन, थर्माकोलही विरघळवतं आणि किटचं प्लास्टिकही मऊ करतं. इपॉक्सी चालतं, पण ए-३ आकाराच्या तळाला दीड हजाराचं लागलं असतं.

मग स्वस्तातला मार्ग. प्लायवूडवर थर्माकोलचा पातळ थर, धड बसेल एवढा खड्डा कोरून. त्यावर टिश्यू पेपर, फेव्हिकॉल पाण्यात कालवून ब्रशनं थापायचा. सुरकुत्या आपोआप लाटा होतात. सरोवराला लाटा बारीक हव्यात म्हणून ओला असतानाच बोटांनी दाबून सपाट केल्या. वर हिरवट-करडा रंग, मग चकचकीत वॉर्निशचे तीन हात. खर्च दोनशेच्या आत.

धड पाण्यात कुठवर बुडवायचं याचा अंदाज फोटोंवरून घेतला. पंखांच्या टोकांचे फ्लोट (तरंगते आधार) खाली सोडलेले असायला हवेत; उड्डाणात तेच वर दुमडून पंखाचं टोक बनतात. उभ्या विमानाचा एक पंख जरा झुकलेला आणि तो फ्लोट पाण्याला लागलेला ठेवला, नाहीतर मॉडेल टेबलावर ठेवलेल्या खेळण्यासारखं दिसतं.

२० सप्टेंबर

गणपती आटोपले, मॉडेल वाचनालयात पोहोचलं. पंख सुटा ठेवल्याचा फायदा इथे झाला. पंख एका खोक्यात, धड तळासकट दुसऱ्यात, रिक्षानं. पंखाखालच्या अँटेना मात्र दोन मोडल्या. खोक्यात पंखाला खालून आधार दिला होता, बाजूंनी द्यायला हवा होता. राहिलेली तार घरात होती, जागेवर बसून लावल्या.

एकूण खर्च: किट ३,४००, रंग आणि थिनर १,१००, ओलाव्याची बाटली ६५०, पुट्टी, एम-सील, पॉलिश पेपर मिळून ४२०, डिकल पेपर २८०, पाणी आणि तळ ५००, फलकाची छपाई ७००. सात हजार पन्नास. पावसाळा टाळला असता आणि ‘ए’ नसलेलं किट घेतलं असतं तर सहाच्या आत बसलं असतं.

राहिलेलं काम: बोयाला बांधायची दोरी अजून शिवणाच्या दोऱ्याची आहे, जाड दिसते. आणि स्क्वॉड्रनचं पुढचं सगळं, म्हणजे हिंदी महासागरातली पाणबुड्यांविरुद्धची गस्त आणि २३ फेब्रुवारी १९४५ चं विसर्जन, फलकावर दोन ओळींत दाबलं आहे. डिसेंबरात हवा सुकली की त्यासाठी वेगळा फलक करणार आहे.